दहा केजीचा पाईप आणि तरीही फुटणारी लाइन : यावल तालुक्यातल्या एका मळ्याचं प्रकरण

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडे असलेल्या एका मळ्यात चार उन्हाळ्यांत एकच पाईपलाइन अकरा वेळा फुटली. दर वेळी दुरुस्ती झाली, दर वेळी आधीपेक्षा जाड पाईप टाकला गेला आणि तरी पुढच्या एप्रिलमध्ये लाइन कुठेतरी उडालीच. मालकांचं म्हणणं सरळ होतं: दुकानदारानं माल डुप्लिकेट दिला. दुकानदाराचं म्हणणंही तितकंच सरळ होतं: फिटिंग करणाऱ्यानं वाट लावली. फिटिंग करणारा उन्हाकडे बोट दाखवत होता. प्रत्यक्षात पाईप खरा होता, त्यावर आयएस 4985 चा, म्हणजे पीव्हीसी पाईपच्या भारतीय मानकाचा शिक्का होता, आणि तिघांपैकी फिटिंगवाला सत्याच्या जरा जवळ होता, तेवढंच.

मळा आणि लाइन

चार एकर केळी. त्यातली अर्धी मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी), अर्धी कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी). नाल्याच्या अलीकडे जुनी विहीर. त्या पट्ट्यात विहिरीचं स्वतःचं पाणी आता उन्हाळ्यात पुरत नाही, म्हणून शेजारच्या बोअरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि विहिरीवरच्या साडेसात एचपीच्या मोटरीनं ते बागेला द्यायचं, अशी व्यवस्था. विहिरीपासून मेन लाइन निघते, नाला ओलांडते, एक टेकाड चढते आणि पलीकडे उतरून ठिबकच्या तीन सेक्शनना पाणी देते. एकूण अंतर सव्वाचारशे मीटरच्या आसपास. टेकाडाचा चढ सात मीटर. थ्री फेज आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत कोण उठणार म्हणून मोटरीला ऑटो स्टार्टर. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

घरचे कर्ते आप्पा, साठी ओलांडलेले. रोजचं पाणी बघतो तो त्यांचा पुतण्या. पहिल्याच भेटीत आप्पांनी ओसरीवर फुटलेले तुकडे ओळीनं मांडून ठेवले होते, कोर्टात पुरावे मांडावेत तसे. त्यांचा प्रश्न एकच: "भाऊ, पाईप तं दहा केजीचा हाये, मंग फुटतो कायले?" दहा केजी म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दहा किलो दाब सोसणारा पाईप.

जळगाव जिल्ह्यात हा प्रश्न विचारला जावा यात एक गंमत आहे. पाईप हा आमच्याकडचा घरचा माल. भवरलाल जैन यांनी 1980 च्या सुमारास जळगावात पीव्हीसी पाईपचं उत्पादन सुरू केलं आणि पुढे ठिबक आलं. आज जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया, पाईप, लॅटरल (ठिबकच्या बारीक नळ्या) यांचे लहानमोठे कारखाने आहेत आणि गावोगावी पाईप बनवणाऱ्या कंपनीत काम केलेला कुणी ना कुणी सापडतो. त्यामुळे पाईपबद्दल प्रत्येकाला मत असतं. 'केजी वाढव' हे त्यातलं सगळ्यात लोकप्रिय मत.

फुटलेला तुकडा काय सांगतो

पाईप कसा फुटला ते तुकड्यावर लिहिलेलं असतं. बहुतेक लोक तो बांधावर फेकून देतात. आप्पांनी जपून ठेवले म्हणून अर्धं काम सोपं झालं.

पहिले चार तुकडे लांबीच्या दिशेनं चिरलेले. चीर हात-दीड हात लांब, काठ दुधाळ पांढरे झालेले आणि चिरेच्या मध्यावर पाईपचं पोट बाहेर आलेलं. बोट फिरवलं तर तिथं भिंत पातळ लागते. याचा अर्थ पाईप आधी तापून मऊ झाला, आतल्या दाबानं फुगला आणि मग फाटला. त्याच तुकड्यांची एक बाजू पिवळसर तपकिरी पडलेली आणि दुसरी जवळपास नव्यासारखी राखाडी. पिवळी बाजू आभाळाकडची. म्हणजे हे तुकडे जमिनीखालचे नव्हतेच, उघड्यावरचे होते. पुतण्यानं दुजोरा दिला: नाल्यावरचा टप्पा.

दुसरा गट वेगळा. तिथं पाईप गोल कापल्यासारखा, सॉकेटच्या (दुसरा पाईप आत बसवायच्या रुंद टोकाच्या) तोंडाशीच तुटलेला. फुगवटा नाही, पांढरेपणा नाही. असा तुकडा दिसला की आधी जोड बघायचा. जोड बघितला तर ते कारखान्याचं सॉकेट नव्हतं. पाईपचं टोक पाचट पेटवून तापवलं, दुसऱ्या पाईपवर ढकललं आणि सॉकेट 'काढलं'. खान्देशात हे सर्रास चालतं आणि कमी दाबाच्या लाइनीत चालूनही जातं. पण तापवून ताणलेल्या भिंतीची जाडी एकसारखी राहत नाही. एका बाजूला ती इतकी पातळ झालेली होती की उन्हात धरली तर पलीकडची बोटांची सावली दिसत होती.

तिसऱ्या गटात दोनच तुकडे होते, आणि खरा धागा तिथं होता. दोन्ही दहा केजीचे, दोन्ही जमिनीखालचे, रंग शाबूत, कारखान्याचं सॉकेट. तरी लांब चीर. पोट फुगलेलं नाही, काठ तीक्ष्ण. म्हणजे पाईप मऊ झाला नव्हता. त्याला एका क्षणात, दहा किलोच्या पुढे जाणारा दाब बसला होता. साडेसात एचपीची ही मोटर सगळे कॉक बंद करून चालवली तरी विहिरीच्या तोंडाशी गेजचा काटा पाच किलोच्या थोडा पुढे थांबतो. मग दहाच्या पुढचा दाब आला कुठून?

धक्का

वाहतं पाणी एकदम अडवलं की ते थांबत नाही, आदळतं. त्याचा दाब पाईपमधून लाटेसारखा मागे धावतो. हिशोब असा: सेकंदाला एक मीटर वेगानं जाणारं पाणी अचानक थांबलं तर पीव्हीसी पाईपमध्ये साधारण तीन ते चार किलो दाब वाढतो. लोखंडी पाईपमध्ये तो बारा किलोच्याही वर जाऊ शकतो, कारण लोखंड ताणलं जात नाही. हा वाढीव दाब आधीच्या दाबात मिळवायचा.

इथं हे दोन प्रकारे घडत होतं. पहिला प्रकार सेक्शन बदलताना. एका सेक्शनचं पाणी झालं की पुतण्या त्याचा कॉक बंद करायचा, मग चालत पुढच्या सेक्शनच्या कॉककडे जायचा आणि तो उघडायचा. ती वीस-पंचवीस पावलं मोटर बंद तोंडावर रेटत असायची. कॉकही बॉल पद्धतीचा, पाव फेऱ्यात खाडकन बंद होणारा. रोज दोनदा.

दुसरा प्रकार जास्त वाईट होता आणि तो कुणाच्या डोळ्यासमोर घडत नव्हता. लाइट गेली की मोटर थांबते. टेकाडाच्या पलीकडचं पाणी ड्रिपरमधून हळूहळू निघून जातं. अलीकडचं पाणी विहिरीकडे परततं, कारण विहिरीवरचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं परतू न देणारा व्हॉल्व, गळका होता. टेकाडाच्या माथ्यावर पाईपमध्ये हवा शिरून बसते. रात्री अडीच वाजता लाइट येते, ऑटो स्टार्टर मोटर चालू करतो आणि पाणी रिकाम्या पाईपमधून सुसाट धावत सुटतं. पुढं अडथळा नसल्यानं त्याचा वेग नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. माथ्यावरची हवा दाबली जाते, ड्रिपरमधून फुसफुसत बाहेर पडते आणि ती संपली की धावतं पाणी भरलेल्या पाण्यावर जाऊन आदळतं. दहा केजीचे दोन्ही तुकडे टेकाडाच्या उतारावरचे होते आणि दोन्ही वेळा लाइन फुटलेली सकाळी कळली. आप्पांनी ही गोष्ट स्वतःच सांगितली होती, पण तक्रार म्हणून: "रातभर पानी वाह्यलं, बांध फुटला, आनि आमी झोपेल."

जाड पाईपनं काय बिघडवलं

इथं 'केजी वाढव' या सल्ल्याचा खरा हिशोब करायला हवा, कारण या मळ्यात त्याच सल्ल्यानं दुखणं वाढवलं.

पीव्हीसी पाईपचं माप बाहेरून घेतात. 75 मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या बोलीतला अडीच इंची पाईप, चार केजीचा असो की दहा केजीचा, बाहेरून 75 च भरतो. नाहीतर एकच फिटिंग सगळ्यांना बसलं नसतं. मग वाढलेली जाडी जाते कुठे? आत. चार केजीच्या पाईपचा आतला व्यास साधारण 71 मिलिमीटर, दहा केजीचा 66 च्या आसपास. पाच मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण घर्षणानं वाया जाणारा दाब व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतो. तेवढ्याशा फरकानं त्याच पाण्याला त्याच अंतरावर सुमारे 40 टक्के जास्त दाब खर्च करावा लागतो. शिवाय अरुंद पाईपमध्ये वेग वाढतो, वेग वाढला की धक्का वाढतो, आणि जाड भिंत कमी ताणली जाते म्हणून तोच धक्का तिच्यात आणखी कडक बसतो. थोडी ताकद वाढली हे खरं. पण मागणीही वाढली.

त्यात भर म्हणजे मधले तुकडे. उन्हाळ्यात लाइन फुटली की केळीला तीन दिवस थांबता येत नाही. पाने मलूल होतात, घड निसवण्याच्या वेळी ताण बसला तर तो पुढे वजनात दिसतो. त्यामुळे दुकानात जे असेल ते आणलं गेलं. दोन ठिकाणी 63 चा, म्हणजे दोन इंची पाईप रिड्यूसर लावून घातलेला. मोजला तर दोन्ही मिळून नव्वद मीटर भरला. या लाइनीतून सेकंदाला सुमारे पाच लिटर पाणी जातं. 75 च्या पाईपमध्ये त्याला दर शंभर मीटरला दोन ते तीन मीटर उंचीचा दाब लागतो, 63 मध्ये साडेपाचच्या पुढे. त्या नव्वद मीटरांनी सगळ्या लाइनीतल्या घर्षणाचा सुमारे तिसरा हिस्सा खाल्ला होता.

त्याचा परिणाम तिसऱ्या सेक्शनवर. विहिरीजवळ गेज 3.2 किलो दाखवत होता आणि तिसऱ्या सेक्शनच्या तोंडाशी जेमतेम 0.6. साध्या ड्रिपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे कमीजास्त होतं. एक किलोला तासाला चार लिटर देणारा ड्रिपर 0.6 किलोला तीन लिटरच देतो, आणि लॅटरलच्या टोकाला त्याहून कमी. पुतण्याला वाटत होतं की त्या तुकड्याची जमीनच हलकी आहे. जमिनीत काही खोट नव्हती. खड्डा केला तर मधल्या सेक्शनला कोपरभर ओल होती, तिथं वीतभर.

नाल्यावरचा टप्पा

हा टप्पा या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ खाणारा ठरला, कारण इथं पाईप गाडता येत नव्हता. नाल्याचा तळ खडक. लाइन वीसेक मीटर उघड्यावरून, दगडांच्या ढिगांवर टेकत गेलेली.

पीव्हीसी पाईपवर छापलेला दाब 27 अंश तापमानाचा असतो. यावल-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात हवाच 44-45 अंशांवर जाते. 45 अंशांच्या पाईपची ताकद छापलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी उरते, आणि उन्हातल्या बंद लाइनीत साचलेलं पाणी हवेपेक्षाही तापतं. सहा केजीचा पाईप तिथं चार केजीचाही राहत नाही. उन्हातल्या किरणांनी वरची बाजू ठिसूळ होते ते वेगळंच. शिवाय पीव्हीसी तापला की लांबतो. वीस मीटरला तीस अंशांचा फरक म्हणजे चार-पाच सेंटीमीटर. दोन्ही टोकं सिमेंटात पक्की केलेली, मग तो ताण जाणार कुठे? जोडावर.

पर्याय तीन होते. पहिला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप. उन्हाचं भय नाही, दोन खांबांवर सहज तोलला जातो. जीआयमध्ये हलका, मध्यम, जड असे तीन प्रकार, पिवळा, निळा, लाल पट्टा बघून ओळखायचे. इथं निळा पुरला असता. पण आप्पांनी तो एका वाक्यात निकाली काढला: नाल्यात उघडं लोखंड ठेवलं की भंगारवाल्यांकडे पोचतं. दुसरा पर्याय एचडीपीई, म्हणजे काळा, निळ्या रेघांचा, लवचीक प्लास्टिकचा पाईप. त्यात दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असते, तिनं तो ऊन सोसतो. वाकतो, आपटला तर फुटत नाही, धक्काही पीव्हीसीपेक्षा नरम घेतो. अडचण एवढीच की तो स्वतःचं वजन तोलत नाही, खांबांमध्ये झोळ पडतो आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वाहून येणारी झाडं त्यात अडकतात. लांबतोही पीव्हीसीच्या जवळपास तिप्पट. तिसरा पर्याय म्हणजे नाल्याखालून खडक फोडून हुमपाईप (सिमेंट काँक्रीटचा पाईप) टाकायचा. त्या खर्चाचा विषय कुणी पुढं नेला नाही.

तोडगा मळ्याच्या कोपऱ्यात गवतात पडलेला होता. काही वर्षांपूर्वी कोरडा गेलेला एक बोअर, त्यातून उपसून काढलेली सहा इंची लोखंडी केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून आत बसवलेला पाईप. आप्पा ती विकायच्या बेतात होते. वेल्डरकडून ती जोडून घेतली, दोन दगडी खांबांवर पुरापेक्षा उंच बसवली, टोकं काँक्रीटमध्ये पुरली, वरून चुना मारला आणि आतून 90 चा एचडीपीई पाईप सरकवला. आतला पाईप जरा नागमोडी पडू दिला म्हणजे लांबायला जागा राहते. ऊन केसिंगवर, वजन केसिंगवर, पाणी एचडीपीईमध्ये. आणि काँक्रीटात पुरलेली केसिंग कापून न्यायची म्हणजे चोराला रात्र पुरणार नाही.

बाकी काय बदललं

मेन लाइन पूर्ण बदलली. 75 चा दहा केजी काढून 90 चा, म्हणजे तीन इंची, सहा केजीचा पाईप घातला. दुकानात भाव विचारताना लोक 'किती केजी' आधी विचारतात आणि 'किती इंच' नंतर. या मळ्यात उलट करायचं होतं. 90 मध्ये वेग सेकंदाला मीटरच्या आत आला, दर शंभर मीटरला घर्षण एक मीटरवर आलं. चारी दोन फुटांहून खोल घेतली, बैलगाडीच्या वाटेखाली तीन फूट. तळाशी दगड निघाले तिथं आधी वाळूचा थर. पाचट पेटवून सॉकेट काढायचं बंद. कारखान्याचं सॉकेट आणि सोल्युशन लावल्यावर काही तास पाणी न सोडता थांबायचं. पुतण्याला हे थांबणं सगळ्यात जड गेलं.

टेकाडाच्या माथ्यावर एअर व्हॉल्व बसवला. पाणी भरताना हवा बाहेर सोडतो, लाइन रिकामी होताना आत घेतो. विहिरीवरचा एनआरव्ही नवा. त्याच्या पुढं गेज आणि दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पाणी परत विहिरीत सोडणारा रिलीफ व्हॉल्व. बॉलचे कॉक काढून सेक्शनना फिरवून हळू बंद होणारे व्हॉल्व लावले. आणि नियम: पुढचा सेक्शन आधी उघडायचा, मग मागचा बंद करायचा.

ऑटो स्टार्टरवरून मात्र घरात जुंपली. ऑटो काढा, म्हणजे रात्री उठून मोटर चालू करताना विहिरीवरचा मुख्य व्हॉल्व अर्धा बंद ठेवता येईल आणि लाइन भरली की पूर्ण उघडता येईल, असा माझा आग्रह होता. आप्पांना पटलं. पुतण्याला नाही. हिवाळ्याच्या रात्री नाल्याकाठी बिबट्याचा वावर असतो, हे त्याचं कारण आणि ते खोटं नाही. सातपुड्याच्या पायथ्याला रात्री शेतात जाणं हा निव्वळ आळसाचा प्रश्न नसतो. शेवटी ऑटो राहिला, पण लाइट आल्यावर थोड्या वेळानं मोटर चालू करणारा टायमर लावला, आणि रात्रीच्या पाळीसाठी मुख्य व्हॉल्व संध्याकाळीच अर्धा बंद करून ठेवायचा असं ठरलं. त्या रात्री पाणी कमी जातं. ते मान्य करून घेतलं.

नव्या लाइनीत विहिरीजवळचा दाब 2.8 किलोवर उतरला आणि तिसऱ्या सेक्शनच्या तोंडाशी 1.3 मिळाला. म्हणजे मोटर तीच, पुढं कमी दाबानं रेटते आणि शेवटाला दुपटीहून जास्त पोचतं. फिल्टर धुतल्यामुळेही थोडं सुधारलं, सगळं श्रेय पाईपला देता येत नाही. नवी लाइन टाकल्यानंतरचा पहिला उन्हाळा न फुटता गेला. एका उन्हाळ्यावरून छातीठोक काही सांगू नये, पण टेकाडाच्या उताराची तक्रार पुन्हा आली नाही.

घरातले पाईप

मळ्यातलं काम चालू असताना आप्पांच्या घरातल्या वहिनींनी विचारलं, "आणि आमच्या न्हाणीतलं कोण बघेल?" रास्त प्रश्न होता. गच्चीवर सोलर वॉटर हीटर. त्याची गरम पाण्याची लाइन शेताच्याच उरलेल्या पाईपनं केलेली. सोलरचं पाणी उन्हाळ्यात 70 अंशांच्या पुढं सहज जातं. भिंतीवर तो पाईप क्लिपांच्या मधोमध लोंबलेला होता आणि एल्बोतून थेंब थेंब गळत होता. गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो, तो 93 अंशांपर्यंतचं पाणी सोसतो. फिकट पिवळसर रंगावरून ओळखू येतो आणि त्याचं सोल्युशनही वेगळं असतं. पीव्हीसीच्या डब्यातलं उरलेलं सोल्युशन त्याला लावून काम भागवलेलं मी अनेक घरांत पाहिलं आहे. ते जोड वर्ष-दोन वर्षांत सुटतात.

स्वयंपाकघराच्या नळाला धार नव्हती. टाकी भरलेली, नळ नवा, तरी करंगळीएवढं पाणी. ती लाइन जुनी, अर्धा इंची जीआय. एक तुकडा कापून काढला तर आत क्षाराचा आणि गंजाचा थर इतका चढलेला की मधे पेन्सिल जाईल एवढंच भोक. बोअरच्या जड पाण्यानं जीआयचं हे होतंच. तिथं ॲसिड ओतून काही साधत नाही, लाइन बदलावी लागते.

गॅसच्या नळीवरच्या तारखेला पाच वर्षं उलटून गेलेली होती. नारिंगी रंगाची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, ती दिसायला चांगली असली तरी. तीच ताबडतोब बदलली, बाकी कामं थांबू शकत होती. संडासाची लाइन ठीक होती, एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याच्या पाईपातली बी टाइप; पावसाच्या पाण्याला ए टाइप चालतो, मैल्याला नाही. कूलरला पाणी भरायची पारदर्शक नळी शेवाळानं हिरवी झाली होती, ती वहिनींनी स्वतःच कापून टाकली. चुलीजवळची फुंकणी मात्र आजेसासूच्या काळातली, लोखंडी, आणि अजून पहिल्यासारखी काम करते. तिला कुणी हात लावला नाही.

उरलेले तुकडे

काढलेल्या जुन्या लाइनीतला जमिनीखालचा बराच पाईप शाबूत होता. दाबाच्या कामाला तो पुन्हा वापरायचा नाही एवढंच बजावलं. त्याचा उपयोग लावायला मळ्यात फार डोकं चालवावं लागलं नाही. बैलगाडीच्या वाटेखाली आडवे तुकडे टाकले आणि त्यांच्यातून लॅटरल नेले, म्हणजे चाकाखाली दबत नाहीत. 63 चे तुकडे शेजाऱ्यांनी मागून नेले, गोठ्याच्या मोरीचं पाणी परसातल्या अळूला न्यायला. पुतण्यानं चार तुकडे कापून पाभरीच्या चाड्याला जोडले, जिथं पूर्वी बांबूच्या नळ्या असायच्या. हरभरा पेरताना दाणा अडकत नाही म्हणाला. पिवळे पडलेले, नाल्यावरचे तुकडे तेवढे भंगारात गेले.

लॅटरलचं एक काम बाकी आहे. खारी आणि उंदीर उन्हाळ्यात पाण्यासाठी 16 च्या नळ्या कुरतडतात, विशेषतः बांधाकडच्या दोन ओळींत. सध्या पुतण्या तिथं फुटक्या मडक्यांत पाणी ठेवतो. त्यानं कुरतडणं कमी झालंय असं तो म्हणतो. कांदेबागेचा माल निघाला की त्या ओळींच्या नळ्या गुंडाळून तपासायच्या आहेत.